चौथा डबा

महापेला आर्ट गॅलरी नाही. असण्याचं काही कारणही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचे प्लॉट, त्यांच्या पाठीशी पारसिकचा डोंगर, डोंगर ओलांडून शिळफाट्याकडे जाणारा रस्ता, मधे जुनं महापे गाव आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती, असा हा सगळा पसारा. इथे माणसं कामाला येतात आणि काम संपलं की निघून जातात. मीही त्यांतलाच एक. १९९१ ते २०१९ अशी अठ्ठावीस वर्षं इथल्या एका कंपनीत मापनयंत्रं तपासण्याच्या खात्यात होतो. प्रेशर गेजचा काटा खरं बोलतो की खोटं, ते बघायचं आणि तसा दाखला लिहून द्यायचा, हे माझं काम. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबा दहा मिनिटांत संपायचा. उरलेली वीस मिनिटं मी कॅमेरा घेऊन गेटबाहेर काढायचो.

हल्ली या उद्योगाला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात. मला तेव्हा हे नाव ठाऊक नव्हतं. रस्त्यावर जे चाललं आहे ते, कुणाला उभं न करता, कुणाला ‘जरा हसा’ न म्हणता टिपायचं, एवढंच मला कळत होतं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की एका गेटातून बाहेर पडणारी आणि त्याच गेटातून आत शिरणारी माणसं, खाणींतल्या खडीचे ट्रक गेल्यावर पांढरे होणारे चेहरे, डोंगरावरून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका, पावसात चपला हातात घेऊन चालणारे कारकून. फिल्म असायची ऊटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’, आणि बोनस झाला असेल तर इल्फर्ड. रोल धुण्याचं काम कोपरखैरण्याच्या आमच्या घरी, रात्री बाथरूममध्ये. हायपोच्या वासाबद्दल सौ. जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या फोटोंचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला पडला नव्हता. निगेटिव्ह पाकिटात, पाकिटं खोक्यात, खोकी माळ्यावर. नवी मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. दर दिवाळीला सफाई निघाली की पुड्या बदलायच्या. बस्स.

त्यातल्या एका फोटोची ही हकिगत आहे.

मे २००२. दुपारचा सव्वा वाजला असेल. एका केमिकल कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीला जेमतेम दोन हात सावली होती. त्या सावलीत पाय आखडून तीन कंत्राटी कामगार जेवायला बसले होते. प्रत्येकापुढे डबा. आणि त्यांच्याच ओळीत, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, चौथा डबा. झाकण काढून शेजारी ठेवलेलं, घडी घातलेली भाकरी, अर्धा कांदा. आणि त्यामागे भिंत. माणूस नाही. तिघेही डावीकडे, फोटोच्या बाहेर कुठेतरी बघत होते. मी एकच फ्रेम घेतली. दुसरी घेईपर्यंत त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं आणि तो क्षण गेला. मी मान हलवली, त्याने मान हलवली, मी कंपनीत परतलो. नाव विचारलं नाही. चौथा कुठे गेला, हेही विचारलं नाही.

पुढे पंधरा वर्षं तो फोटो माळ्यावर होता.

२०१७ मध्ये माझा भाचा त्या खोक्यांच्या मागे लागला. त्याने सगळ्या निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि मला न विचारता त्यातल्या चाळीसेक दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत नेऊन दाखवल्या. गॅलरीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बघायला जावं तसा गेलो. बाई शांत होत्या. त्यांनी बावीस फोटो निवडले. माझे लाडके सगळे बाद. डोंगरावरच्या ढगांचे तर त्यांनी धड बघितलेही नाहीत. चौथ्या डब्यापाशी मात्र बराच वेळ थांबल्या.

मग माझं शिक्षण सुरू झालं.

चित्र एकच असतं. फोटोचं तसं नाही; एका निगेटिव्हमधून हव्या तितक्या प्रती निघतात. अमेरिकेतला थोर छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स याने १९४१ मध्ये एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात त्या एकाच निगेटिव्हमधून तेराशेच्या वर प्रती स्वतःच्या हाताने काढल्या, असं म्हणतात. विकत घेणाऱ्याला हे कसं परवडावं? आपल्या भिंतीवर आहे ते शेजाऱ्याच्या भिंतीवर नको, असं त्याला वाटणारच. म्हणून गॅलरीत आवृत्ती ठरवतात. माझी ठरली सातची. सात प्रती काढायच्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने १/७, २/७ असा आकडा आणि सही करायची, आणि मग त्या मापात आठवी प्रत कधीही काढायची नाही. हा शब्दाचा व्यवहार. आमच्या खात्यात दाखल्यावर सही करताना जसा असतो तसाच, त्यामुळे मला तो पटला.

कागद सुती लगद्याचा. बाथरूममध्ये मी वापरायचो तो कागद बाईंनी दोन बोटांत धरून हळूच बाजूला ठेवला होता. माउंटचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, नाहीतर काही वर्षांत फोटोच्या कडा पिवळ्या पडतात. काच आणि फोटो यांच्यात फट हवी, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो. फ्रेम हा फोटोचा सदरा आहे, असं मी तोवर समजत होतो. तसं ते नाही. मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेच्या बाजाराचा एक धागा तर फ्रेमच्याच धंद्यातून निघाला आहे. केकू गांधींनी १९४१ मध्ये फ्रेमा बनवायचा व्यवसाय सुरू केला. ‘केमोल्ड’ हे नाव केमिकल मोल्डिंगवरून आलेलं. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीला शोभावं असंच. फ्रेमा खपाव्यात म्हणून दुकानात नव्या चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात झाली, आणि १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी उभी राहिली. २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडवर गेली. सूनी तारापोरवालांनी चाळीस वर्षं टिपलेल्या मुंबईचं प्रदर्शन मी २०१७ मध्ये तिथेच पाहिलं. आपल्या शहराचे जुने रस्ते भिंतीवर बघताना माणसं चित्रापुढे उभी राहतात तशी लांब उभी राहत नाहीत. अगदी जवळ जातात, दुकानांच्या पाट्या वाचतात.

मुंबईचा रस्ता भिंतीवर लावणारे काही मी पहिला नव्हे. रघुवीर सिंग यांचं रंगीत फोटोंचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. केतकी शेठ यांचं कृष्णधवल ‘बॉम्बे मिक्स’ २००७ मध्ये आलं. आपले सुधारक ओलवे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमागे कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं हिंडले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जहांगीरच्या वरच्या मजल्यावर छायाचित्रांसाठी टेरेस गॅलरी आहे, नरीमन पॉइंटला एनसीपीएमध्ये पिरामल गॅलरी आहे. आणि जहांगीरच्या दारातल्या फुटपाथवर आपली चित्रं मांडून बसणारे चित्रकार आहेत, ज्यांना कुणाच्या निवडीची गरज नाही, फक्त पाऊस नको असतो.

तरी फोटो विकणं हा धंदा नेहमीच आतबट्ट्याचा. न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली हेलन गी नावाच्या बाईने फोटोंची गॅलरी काढली. तिला ठाऊक होतं की फोटो विकून भाडं निघणार नाही. म्हणून तिने पुढे कॉफी हाउस काढलं आणि मागे गॅलरी. लोक कॉफी प्यायला यायचे, कॉफीवर फोटो जगायचे. तेही १९६१ मध्ये बंद पडलं. आमच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘इथे कॉफी आम्ही फुकट देतो.’’

चौथ्या डब्याची किंमत ठरली अठरा हजार रुपये. मला घाम फुटला. बाईंनी हिशेब समजावून सांगितला. निम्मे गॅलरीचे. त्यात जागा, दिवे, निमंत्रणं, माणसं आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडची गिऱ्हाइकांची वही. उरलेल्या नऊ हजारांत छपाई, माउंट, फ्रेम, काच आणि टेम्पो माझा. सगळं जाऊन हातात चार हजार दोनशे. अठरा हजारांचा फोटो आणि चार हजारांचा फोटोग्राफर, असं भाचा म्हणाला. मला तक्रार नव्हती. अठ्ठावीस वर्षांत गेजच्या दाखल्यावर सही करण्याचे मला कुणी वेगळे पैसे दिले नव्हते.

जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शन लागलं. विकल्या गेलेल्या फोटोच्या नावाच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावतात. सौ. पहिल्यांदाच असल्या ठिकाणी आली होती. पहिली टिकली लागली तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, ‘‘अहो, कुंकू लागलं बघा.’’ टिकली लागली होती चौथ्या डब्याला.

घेणारे गृहस्थ वास्तुरचनाकार. अत्यंत सभ्य. त्यांनी मला त्या फोटोपुढे नेलं आणि मलाच तो समजावून सांगितला. ‘अनुपस्थिती’ हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला. कारखान्यांच्या शहरात माणूस कसा गळून पडतो, त्याची भाकरी तेवढी उरते, वगैरे. ऐकायला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा असं वाटू लागलं होतं की, मी हे सगळं ठरवूनच टिपलं असावं.

गर्दी ओसरल्यावर कॉलेजातली एक मुलगी त्याच फोटोपुढे उभी होती. तिने चिठ्ठी वाचली. किंमत बघितली. मग मला विचारलं, ‘‘काका, ह्यांना माहीत आहे का?’’

‘‘कुणाला?’’

‘‘ह्या तिघांना. ते इथे आहेत म्हणून.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘विनाशीर्षक, महापे, २००२.’ गावाचं नाव होतं, साल होतं, माझं नाव होतं, किंमत होती.

त्यानंतर मी या विषयावर सापडेल ते वाचायला लागलो. फोटोतल्या माणसाला नाव नसणं हा काही आजचा प्रकार नव्हे. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली संस्था निघाली १८५४ मध्ये. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या मंडळींत होते. याच काळात मुंबईत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे आणि कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायचे, अशी त्याची रीत. खाली नाव कुणाचंच नाही, जात तेवढी लिहिलेली. दीडशे वर्षांत आपण जात काढून टाकली आणि तिथे ‘विनाशीर्षक’ लिहिलं. ही प्रगती आहेच. पण केवढी, ते ज्याने त्याने ठरवावं.

याहून मला झोपू दिलं नाही ते न्यूयॉर्कच्या एका खटल्याने. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅशचे दिवे बांधून ठेवले आणि स्वतः लांब उभं राहून, त्या उजेडाखाली येणाऱ्या अनोळखी माणसांचे चेहरे टिपले. त्यांना पत्ताही नव्हता. त्यातले सतरा चेहरे २००१ मध्ये गॅलरीत लागले. प्रत्येकाच्या दहा प्रती, एकेक प्रत वीस ते तीस हजार डॉलरला. त्यातला एक चेहरा होता एका वृद्ध कर्मठ ज्यू गृहस्थाचा. त्याच्या धर्मसमजुतीप्रमाणे प्रतिमा करणंच निषिद्ध. चार वर्षांनी त्याला कळलं आणि तो कोर्टात गेला. न्यायालयाने २००६ मध्ये दावा फेटाळला. कोर्टाचं म्हणणं असं की, ही कला आहे, जाहिरात नव्हे. आणि कलाकृती पैसे घेऊन विकली म्हणून ती कला राहत नाही असं होत नाही. वरच्या न्यायालयात दावा मुदतीबाहेर ठरला. तो गृहस्थ हरला, फोटो राहिला.

मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. परवानगी मागून फोटो काढायचे तर असे फोटो होणारच नाहीत. ‘जेवत असताना तुमचा फोटो काढू का?’ असं विचारल्यावर जे निघतं त्याला फॅमिली फोटो म्हणतात. रस्त्याचा जो दस्तऐवज या लोकांनी करून ठेवला आहे तो परवानगीचे कागद भरून घेत बसले असते तर आपल्याला मिळाला नसता. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही फोटोग्राफरच्या बाजूने आहे. फोटोचा हक्क, बहुतेक वेळा, फोटो काढणाऱ्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर तो त्याच्या हयातीत आणि मागे साठ वर्षं चालतो. फोटोतल्या माणसाचं नाव त्या हिशेबात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, पण भर रस्त्यात भिंतीला टेकून डबा खाणाऱ्याचं खासगीपण किती, हे सांगायला मी वकील नाही. मला एवढंच टोचत होतं की, कायदा माझ्या बाजूने आहे हे मला शोधावं लागलं. आपलं चुकलेलं नाही याची खात्री असलेला माणूस कायदा शोधायला जात नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते पॅरिसचं आहे. रोबेर द्वानोचा चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा १९५० चा फोटो जगाला ठाऊक आहे. त्याची पोस्टर हॉस्टेलांच्या भिंतींवर असत. पुढे एका जोडप्याने ‘हे आम्हीच’ म्हणून दावा लावला आणि त्यातून उघड झालं की, फोटोतली दोघं नटाचं शिक्षण घेणारी होती आणि फोटो ठरवून काढलेला होता. रस्त्यावरचा क्षण म्हणून जग ज्यावर भाळलं तो चक्क नाटकातला. असो. माझा मुद्दा वेगळा आहे. फोटो काढल्यावर काही दिवसांत द्वानोने त्या मुलीला एक मूळ प्रत पाठवली होती. तिने पुढे नव्वदच्या दशकात पैशासाठी त्याच्यावर दावा लावला, तो ती हरली. पण ती प्रत तिच्याकडे होतीच. २००५ मध्ये तिने ती लिलावात काढली आणि तिला १ लाख ५५ हजार युरो आले. कोर्टाने जे दिलं नाही ते एका पाठवलेल्या प्रतीने दिलं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? गेटवे ऑफ इंडियापुढे गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे फोटोग्राफर आहेत. तेही रस्त्यावरच फोटो काढतात. फरक इतकाच की, फोटोत जो उभा असतो तोच गिऱ्हाईक असतो. तोच पैसे देतो, फोटो तोच घरी नेतो आणि नाक नीट आलं नाही म्हणून भांडतोही तोच. हा धंदा मला एकाएकी फार सरळ वाटायला लागला. गॅलरीत तीन कोपरे होतात, काढणारा, घेणारा आणि फोटोतला. आणि तिसऱ्या कोपऱ्याला कळत नाही की आपण कोपरा आहोत.

सौ.ने हिशेब एका वाक्यात केला. ‘‘गॅलरीने निम्मे घेतले, कागदवाल्याने घेतले, फ्रेमवाल्याने घेतले. ज्यांचा डबा त्यांनी काय घेतलं?’’

माझ्यापुरतं मी ठरवलं. आधी विचारता येत नाही हे खरं. पण विकल्यावर शोधता येतं. शोध घ्यायचा आणि निदान एक प्रत हातात द्यायची. चार हजार दोनशेचे तीन भाग केले, चौदाशेची तीन पाकिटं. तीन छोट्या प्रती काढल्या. आवृत्तीच्या मापाच्या नव्हेत, पोस्टकार्डाच्या दुप्पट, बाईंना विचारून. आणि एका शनिवारी महापेत शोधायला निघालो.

सोळा वर्षांत महापे दोनदा बदललं असेल. मी नोकरीला लागलो तेव्हा इथे बसने यायचं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कोपरखैरणे स्टेशनवर माणसांचे लोंढे उतरू लागले. केमिकल कंपन्यांच्या जागी गोदामं आली, सॉफ्टवेअरवाले आले. ज्या भिंतीला ते तिघे टेकले होते ती कंपनीच राहिली नव्हती. भिंत होती. तिला टाइल्स लागल्या होत्या. आणि कंत्राटी कामगार म्हणजे काय, त्यांचं नाव कंपनीच्या वहीत कधीच नसतं. ते ठेकेदाराच्या वहीत असतं, आणि ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो.

टपरीवाले मात्र टिकतात. फाट्यावरच्या चहावाल्याने फोटो हातात घेतला, चष्मा चढवला आणि एकावर बोट ठेवलं, ‘‘हा खोकायचा तो. गावाला गेला. जालन्याकडचा होता.’’ बाकी दोघांची नावं त्याला आठवेनात. पण यांच्यातला एक बिझनेस पार्कच्या मागच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, असं तो ठामपणे म्हणाला.

गेट सापडलं. गार्ड पन्नाशीचा, निळ्या गणवेशातला. मी फोटो पुढे केला. त्याने तो बराच वेळ बघितला. मी त्याच्या चेहऱ्याकडे आणि फोटोतल्या तिघांकडे आळीपाळीने बघत होतो. एकही जुळेना.

‘‘यातले तुम्ही कोणते?’’ मी विचारलं.

‘‘मी न्हाई यात,’’ तो म्हणाला. आणि मग चौथ्या डब्यावर बोट ठेवून, ‘‘ह्यो डबा माझा.’’

तो मूळचा जत तालुक्यातला. कंपनीच्या टाकीवर पाणी आणायला गेला होता. ‘‘ही तिघं माझ्याकडंच बघत्यात. घास कोरडा झालाय, लवकर ये म्हणून हाका मारत होती.’’ सोळा वर्षं त्या तीन नजरा फोटोच्या बाहेर जात होत्या. त्या कुठे जात होत्या ते असं कळलं. अनुपस्थिती वगैरे काही नव्हती. माणूस पाणी आणायला गेला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. गॅलरी, फ्रेम, टिकली. त्याला त्यात फारसा रस नव्हता. मग त्याने विचारलंच, ‘‘केवढ्याला गेला?’’

आकडा कमी करून सांगावा असं एकदा मनात आलं. पण सांगितलं, ‘‘अठरा हजार.’’

‘‘माझा पगार चौदा हाय,’’ तो म्हणाला. ‘‘बारा तासांची ड्यूटी.’’ थोड्या वेळाने, ‘‘आन् मी असतो तर? मी बसलो असतो तितं, तर गेला असता?’’

‘‘बहुतेक नसता गेला,’’ मी म्हणालो.

तो इतक्या मोठ्याने हसला की केबिनमधला दुसरा गार्ड बाहेर आला. ‘‘आरं बघ, मी नव्हतो म्हणून फोटू अठरा हजाराला गेला!’’

माझ्या पिशवीत तीन पाकिटं होती, तीन प्रती होत्या. चौथ्यासाठी काहीच नव्हतं. मी गडबडीने एक पाकीट काढून पुढे केलं. त्याने हात मागे घेतला. ‘‘हे त्यांचं. मी तर नव्हतोच की.’’ मी आग्रह केला. त्याने नाही घेतलं. तिघांची नावं मात्र त्याने लिहून दिली. एकाचा मोबाइल नंबर होता. तो दिव्याला रिक्षा चालवतो. जालन्याच्या माणसाच्या भावाचा पत्ता होता. तिसऱ्याचं फक्त पाळण्यातलं नाव आणि ‘उंच होता’ एवढंच.

निघताना त्याने मला थांबवलं. ‘‘साहेब, आता आलाच हाय तर माझा एक काढा.’’ टोपी सरळ केली, शिट्टीची दोरी नीट केली, हात शरीराला चिकटवून गेटपुढे उभा राहिला. मी इतकी वर्षं टाळलेला सगळ्यात पोटतिडकीचा फोटो. मी म्हणालो, ‘‘जरा हसा.’’ तो हसला नाही.

पुढच्या शनिवारी प्रत नेऊन दिली. त्याने खिशातून पन्नासची नोट काढली. मी नको म्हणालो. ‘‘असं कसं? लग्नानंतर बायकोला घेऊन गेटवेला गेल्तो, तितं दिलं होतं की पैसं,’’ असं म्हणून त्याने ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

रिक्षावाल्याला त्याची प्रत आणि पाकीट मी दिवा स्टेशनबाहेर दिलं. त्याने पैसे मोजले, फोटो सीटखालच्या पेटीत ठेवला आणि भाडं घेऊन गेला. जालन्याला मनीऑर्डर केली. ती मिळाल्याची सही आली. तिसरी प्रत आणि तिसरं पाकीट माझ्या कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी. आवृत्तीतल्या आणखी दोन प्रती त्यानंतर विकल्या गेल्या आहेत, तेव्हा पाकिटातली रक्कम वाढली आहे. उंच माणसाचा अजून पत्ता नाही. फाट्यावरच्या चहावाल्याकडे मी माझा नंबर ठेवून आलो आहे.